आधी धार लावा!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीला हिरवळ आठवते. यंदा ती पिवळी दिसली आणि सभेत ठराव आला : माळ्याचा पगार कापा! मी उठून एवढेच विचारले, "यंत्राच्या पात्याला शेवटची धार कधी लावली?" सगळे गप्प.

अहो, बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते; फाटलेले शेंडे दोन-तीन दिवसांत करपतात. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने हे यंत्र काढले, ते कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. कातरण्यासाठी, भादरण्यासाठी नव्हे! गवत कोरडे असावे, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. माळ्याला हे ठाऊक आहे; पण धारेचे पैसे देणार कोण? पगाराला कात्री लावण्यापूर्वी, मंडळी, पात्याला धार लावा!