आधी वचन, मग किंमत

अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशाचे पहिले निकाल दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास लागतात. पूर्वी ते टपालाने येत. पाकीट जाड असले तर प्रवेश मिळाला आणि पातळ असले तर नाकारला, हे ते फोडण्यापूर्वीच घरातल्यांना कळे. आता ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी संगणकाच्या पडद्यावर उमटतात. तेथील पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांप्रमाणे पुण्या-मुंबईच्या काही घरांतही त्या पहाटे कोणाचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो. सतरा वर्षांच्या मुलाने १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज केलेला असतो आणि पुढचे सहा आठवडे सारे घर त्या एका उत्तराकडे डोळे लावून बसलेले असते.

ही घालमेल पाहून वडीलधारी मंडळी उपदेश करतात, की एका महाविद्यालयाने आयुष्य घडत नाही आणि बिघडतही नाही. मुलांनी मन खंबीर ठेवावे. उपदेश चांगला आहे, पण निदान चुकलेले आहे. ही अस्वस्थता मुलांच्या मनाच्या दुबळेपणातून आलेली नाही. प्रवेशाच्या एका विशिष्ट पद्धतीने ती निर्माण केलेली आहे, आणि त्या पद्धतीचा लाभ कोणाला होतो हे पाहिल्याखेरीज तिचा उलगडा होणार नाही.

या पद्धतीला ‘अर्ली डिसिजन’ म्हणतात. नेहमीच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या आरंभी असते, निकाल मार्चअखेर लागतात आणि विद्यार्थ्याने १ मेपर्यंत आपला होकार कळवायचा असतो. ‘अर्ली डिसिजन’मध्ये मात्र विद्यार्थी दोन महिने आधी एकाच महाविद्यालयाकडे अर्ज करतो आणि लेखी वचन देतो, की प्रवेश मिळाला तर मी इतर सर्व अर्ज मागे घेऊन तुमच्याकडेच येईन. या करारावर मुलाबरोबरच पालक आणि शाळेचे समुपदेशक यांच्याही सह्या लागतात. उत्तर तीन प्रकारचे असू शकते : प्रवेश, नकार किंवा ‘पुढे विचार करू’. तिसऱ्या उत्तराचा अर्थ एवढाच, की सहा आठवड्यांची प्रतीक्षा आणखी साडेतीन महिने लांबली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड यांची पद्धत थोडी सौम्य आहे. तेथे विद्यार्थ्यावर येण्याचे बंधन नसते. परंतु त्याच वेळी दुसऱ्या खासगी महाविद्यालयाकडे असा लवकरचा अर्ज करण्यास सामान्यतः मनाई असते.

महाविद्यालयांना हे का हवे असते? ज्यांना प्रवेश देऊ केला त्यांपैकी किती विद्यार्थी प्रत्यक्ष येतील, हे कोणत्याही संस्थेला नक्की सांगता येत नाही. कमी आले तर जागा आणि फी बुडते; जास्त आले तर वसतिगृह पुरत नाही. आधीच वचन देऊन बसलेला विद्यार्थी ही अनिश्चितता नाहीशी करतो. शिवाय ‘यू. एस. न्यूज’च्या क्रमवारीत २००३ पर्यंत हे येण्याचे प्रमाणही मोजले जात असे. तेव्हा बांधून घेतलेला विद्यार्थी प्रतिष्ठेच्या दृष्टीनेही सोयीचा होता. पुढे क्रमवारीतून तो निकष गेला, पण सवय राहिली.

उभ्या पिकाचा सौदा ही शेतीप्रधान समाजाला अपरिचित गोष्ट नव्हे. व्यापारी कापणीपूर्वी शेतकऱ्याशी व्यवहार ठरवतो, दोघेही थोडी जोखीम टाळतात. परंतु त्या सौद्यात भाव आधी ठरतो. ‘अर्ली डिसिजन’चे वैशिष्ट्य असे, की येथे वचन आधी दिले जाते आणि किंमत मागाहून कळते. नामवंत खासगी महाविद्यालयांचा एकूण खर्च वर्षाला ८० हजार डॉलरांच्या पुढे गेलेला आहे. त्यातला किती भार कुटुंबाने उचलायचा आणि किती साहाय्य मिळायचे, हे प्रत्येक विद्यार्थ्यापुरते वेगळे असते आणि प्रवेशाच्या उत्तराबरोबर किंवा त्यानंतर समजते. अमेरिकी कायद्याने २०११ पासून महाविद्यालयांना खर्चाचा अंदाज सांगणारे गणकयंत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवणे भाग पाडले आहे, हे खरे. तथापि अंदाज म्हणजे हमी नव्हे. साहाय्य अपुरे पडले तर करारातून सुटता येते, हेही खरे. पण इतर महाविद्यालयांनी किती दिले असते हे ताडून पाहण्याची संधी तोवर हातची गेलेली असते. ज्या घरात फीचा आकडा पाहून छातीत धस्स होत नाही, त्याच घराला असे वचन निर्धास्तपणे देता येते.

आणि वचन देणाऱ्याचे पारडे जड होते, हेच या प्रकरणातील मर्म आहे. ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदा निवडक महाविद्यालयांचे सुमारे पाच लाख अर्ज तपासले. लवकर अर्ज करण्याचा फायदा १६०० गुणांच्या ‘सॅट’ परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळाल्याइतका असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दोन सारख्याच हुशार मुलांपैकी ज्याला किंमत न विचारता होकार देता येतो त्याचा मार्ग सुकर होतो. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती तर अधिकच बिकट. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता निवड करणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. इतरत्र आर्थिक साहाय्याची मागणी हीच निवडीच्या आड येऊ शकते.

या पद्धतीची दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ज्याची पहिली पसंती खरोखरच ठरलेली आहे, त्याला डिसेंबरातच मोकळे होता येते; महाविद्यालयाला मनापासून येऊ इच्छिणारे विद्यार्थी मिळतात. युक्तिवाद पोकळ नाही. परंतु लवकर अर्ज केल्याने पारडे जड होते हे एकदा सर्वांना कळले, की पसंती ठरलेली नसतानाही ती ठरवावी लागते. मग मूल ‘कोठे शिकावेसे वाटते’ हा प्रश्न सोडून ‘पहिले वचन कोठे खर्च करावे’ याचा हिशेब करू लागते. ते पसंती सांगत नाही, डाव खेळते. आणि डाव चुकला तर जानेवारीत दुसऱ्या महाविद्यालयाला दुसरे बंधनकारक वचन देण्याची सोयही अनेक ठिकाणी करून ठेवलेली आहे.

एकट्यादुकट्या संस्थेला या शर्यतीतून बाहेर पडणे कठीण जाते. हार्वर्डने २००६ मध्ये लवकरच्या अर्जांची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले; ती सुस्थितीतील कुटुंबांना झुकते माप देते, हेच कारण दिले. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ मागोमाग आले. बाकीचे आले नाहीत. २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी ती पद्धत पुन्हा सुरू केली. सर्वांनी मिळून एक तारीख ठरवावी, तर तेथे स्पर्धाविषयक कायद्याचे भय असते. आर्थिक साहाय्याचे आकडे आपसांत ठरविल्याबद्दल १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आयव्ही लीगमधील विद्यापीठांवर आणि एमआयटीवर खटला भरला होता. २०१९ मध्ये त्याच खात्याच्या दबावाने प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतील एक कलम गाळावे लागले. लवकर अर्ज करणाऱ्यांना खास आमिषे दाखवू नयेत, असे ते कलम होते. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेला कायदा येथे ग्राहकाच्याच वाटेत उभा राहतो.

तरीही हा रोग असाध्य नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतील इस्पितळे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिक्षण संपण्याच्या दोन-दोन वर्षे आधीच नेमून ठेवू लागली होती. १९४५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरावीक दिवसापूर्वी विद्यार्थ्यांची माहिती न देण्याचे ठरविले, तेव्हा घाईचे रूप पालटले : होकारासाठी दिलेली दहा दिवसांची मुदत १९४९ पर्यंत काही तासांवर आली. अखेर १९५२ मध्ये विद्यार्थी आणि इस्पितळे या दोघांच्याही पसंतीच्या याद्या एकत्र करून जुळणी करणारी केंद्रीय व्यवस्था आली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये अशा जुळणीचे गणित मांडले. त्या विचाराच्या विस्तारासाठी शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल आणि शॅप्ली यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘महाविद्यालयीन प्रवेश’ हे शब्द होते, हा योगायोग बोलका आहे. महाविद्यालयांची किंमत विद्यार्थ्यागणिक बदलत असल्याने अशी जुळणी तेथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. पण निदान सही घेण्यापूर्वी साहाय्याचा बंधनकारक आकडा हाती देणे तरी संस्थांना अशक्य नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. येथे अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाले. फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा भरतात, पालक मेटाकुटीस येतात. तथापि विद्यार्थ्याचे गुण आणि महाविद्यालयाचा ‘कटऑफ’ दोन्ही उघड असतात. पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, पण तेथील फी मुलाच्या बापाचा पगार पाहून मागाहून ठरत नाही. ही प्रतीक्षा त्रासाची असली तरी आंधळी नाही. या व्यवस्थेला नावे ठेवताना तिचे हे गुण विसरता कामा नयेत.

कारण घाईचा बाजार येथेही मांडला जात आहे. सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागण्याआधीच ‘सीट बुक करा’ म्हणून पैसे भरून घेणाऱ्या खासगी संस्थांचे फोन बारावीच्या मुलांच्या घरी येतात. सरकारी फेरीत चांगले महाविद्यालय मिळाले तर ते पैसे परत मिळवताना कारकुनी पेशाच्या पालकाला किती खेटे घालावे लागतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने फी परताव्याचे नियम केले आहेत. पण जो पालक भीतीपोटी पैसे भरतो तो नियम मागण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असतो. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी निकालापूर्वीच्या त्या आठवड्यांत मुलांना धीर तर द्यावाच, पण त्याबरोबर एक साधा प्रश्न विचारायला शिकवावे : आज वचन मागणारा आजच पूर्ण किंमत आणि परताव्याची अट लेखी देतो आहे काय? देत नसेल, तर संस्थेची जोखीम तो मुलाच्या पदरात टाकतो आहे, आणि अशा ठिकाणी सही करण्याची घाई मुलाने करण्याचे काहीच कारण नाही.