टाचेसाठी आणलेली ट्यूब

थंडी सुरू झाली की दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात आणि घरात युरियायुक्त क्रीमची ट्यूब येते. ते औषध आहे, याचा मात्र विसर पडतो. ट्यूबवरील टक्केवारी आधी वाचावी. सुमारे १० टक्के युरिया त्वचेत ओलावा धरून ठेवतो. ४० टक्के युरिया जाड, टणक त्वचा सैल करून सोलून काढतो. टाचेची ती ट्यूब नातवाच्या कोरड्या गालावर कदापि फिरवू नये. (धनादेशावरील आकडा दोनदा वाचणारे येथेच घाई करतात!)

स्नानानंतर पाय टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच क्रीम लावावे. भेगेतून रक्त येत असल्यास ते झोंबते. तेथे लावू नये. मधुमेही व्यक्तीला मात्र ही आग जाणवेलच असे नाही. पायांची संवेदना मंदावलेली असते. भेग आतून चिघळते आणि मोज्यावर डाग दिसल्यावरच घरच्यांचे लक्ष जाते. अशांनी रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. खोल भेग दिसताच डॉक्टरांना दाखवावी.

क्रीम मुरलेले मोजे व चादरी लवकर पेट घेतात, धुतल्यावरही त्याचा अंश राहतो. शेगडी व समईजवळ ते नेऊ नयेत.