नकाशातला रंग थोडा पातळ करा!



नकाशा भरायचा म्हणजे रंग गच्च भरायचा, रेषेबाहेर जायचं नाही, ही आपली वहीवरची सवय. कोऱ्या आराखड्यावर ती ठीकच आहे. पण संगणकावरचा नकाशा कोरा नसतो. आपण काढलेल्या आकाराखाली उपग्रहाचं चित्र असतं. त्यात शेतं, रस्ते, घरं असतात. तिथे रंग गच्च भरला की नकाशा सुबक दिसतो, पण माहिती झाकली जाते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ज्या तासाला आकार काढायला शिकवतो, त्याच तासाला त्याची पारदर्शकता बदलायलाही शिकवावं.

भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं उदाहरण घ्या. जलाशयावर मुलांनी गडद निळा आकार काढला, तर बघणाऱ्याला वाटेल, इथे बारा महिने पाणीच! आता 'गूगल अर्थ प्रो'मध्ये त्या आकारावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधलं 'स्टाइल, कलर' उघडा. 'एरिया'ची ओपॅसिटी ३० टक्के करा, 'लाइन्स'ची मात्र १००च राहू द्या. कडा ठसठशीत राहते आणि आतलं चित्र दिसू लागतं. मग घड्याळाच्या चिन्हावर जाऊन जुनी चित्रं बघा. पाणी ओसरलेल्या दिवसांतलं चित्र मिळालं, तर त्याच निळ्या रंगाखाली उघडी पडलेली जमीन दिसेल. धरणाच्या अशा जमिनीत गाळपेर करून लोक पीक घेतात. पळसदेवचं जुनं मंदिरही पाणी खाली गेलं की वर येतं. गच्च रंगाने आपण हे सगळं दुसऱ्यांदा बुडवत असतो.

शिकवताना दोन गोष्टी जरूर सांगा.

१) ओपॅसिटी आणि ट्रान्सपरन्सी उलट चालतात. 'क्यूजीआयएस'मध्ये ओपॅसिटी १०० म्हणजे पूर्ण गडद. 'आर्कजीआयएस'मध्ये ट्रान्सपरन्सी १०० म्हणजे थर दिसेनासाच होतो.

२) संपूर्ण थराची ओपॅसिटी कमी केली की कडाही फिकी पडते. कडा ठळक हवी असेल, तर फक्त आतल्या रंगाची कमी करा. आणि ५० टक्क्यांचे दोन आकार एकमेकांवर आले, तर तिथे रंग ७५ टक्के गडद होतो. मुलांना वाटतं, तिथे काहीतरी जास्त आहे. सूचीत हे लिहायला लावा.

"परीक्षेत विचारत नाहीत, मग वेळ कशाला घालवायचा?" असं कोणी म्हणेल. पण पूररेषा असो की रस्त्यासाठी जाणारी जमीन, उद्या याच मुलांसमोर असे रंगवलेले नकाशे येणार आहेत. या रंगाखाली कोणाचं घर, कोणाचं शेत आहे, हे विचारायची सवय शाळेतच लागायला हवी.

तेव्हा पुढच्या वेळी गुण देताना रंग किती सफाईदार भरलाय एवढंच बघू नका. रंगाखालचं काय वाचता येतं, तेही बघा. पालकांनीही घरी मुलांसोबत आपल्या गावाचा आकार काढून बघावा.