काटा खरा, तरच करार खरा

शेणव्याचा शेतकरी भात विकावयास नेतो, तेव्हा व्यापाऱ्याच्या शब्दापेक्षा काट्यावरील सरकारी मुद्रेवर त्याची भिस्त असते. राष्ट्राराष्ट्रांतील अणुव्यवहारही याच न्यायाने चालतो. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला याचा दीर्घ अनुभव आहे. १९६३च्या करारान्वये अमेरिकेने तेथे समृद्ध युरेनियम पुरविण्याचे मान्य केले. १९७१च्या त्रिपक्षीय कराराने त्याची तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे सोपविली. १९७४च्या पोखरण स्फोटानंतर पुरवठ्याचा वाद पेटला आणि १९८२ साली फ्रान्स पुढे आला. पुरवठादार बदलला, तपासणी मात्र कायम राहिली.

हा हिशेब नुसत्या वजनाचा नव्हे. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ अवघे ०.७ टक्के असते. वीजनिर्मितीसाठी ते सामान्यतः ३ ते ५ टक्के, तर अस्त्रासाठी सुमारे ९० टक्के लागते. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. निरीक्षक बंद टाकीच्या बाहेरून गॅमा किरण मोजतात. टाकीच्या पत्र्याची जाडी चुकीची धरली, तर आकडाही चुकतो. म्हणून काही नमुने व्हिएन्नाजवळील सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत तपासले जातात.

अशी चूक किती महाग पडेल? समजा, एखाद्या कारखान्यात वर्षाला ४ टक्के समृद्ध असे १०० टन युरेनियम हाताळले गेले. त्यात युरेनियम-२३५ भरेल ४,००० किलो. मापनात २ टक्क्यांचा सरसकट दोष राहिला, तर ८० किलोंचा हिशेब संशयास्पद ठरेल. कमी समृद्ध युरेनियमच्या बाबतीत संस्थेने चिंतेची मर्यादा मानली आहे ७५ किलो. सैल मापाने चोर सुटतो, तसाच सज्जनही आरोपी ठरतो.

तपासणी हा सार्वभौमत्वाचा उपमर्द आहे, असा आक्षेप घेतला जातो. बड्या राष्ट्रांचा दुटप्पीपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोजणी बंद पाडून तो दूर होत नाही. जून २०२५मधील हल्ल्यांपूर्वी इराणचा ६० टक्के समृद्ध साठा सुमारे ४४० किलो असल्याचा संस्थेचा अंदाज होता. बॉम्ब पडले, निरीक्षक देशाबाहेर गेले आणि त्यातील किती, कोठे उरले, याची पडताळणी कित्येक महिने होऊ शकली नाही. मोजणी थांबली की अफवांनाच पुराव्याचे मोल येते.

म्हणूनच भारताने तपासणीकडे केवळ बंधन म्हणून पाहू नये. आरोपाआधी मोजणी व्हावी आणि प्रत्येक आकड्यासोबत त्यातील संभाव्य चूकही मांडली जावी, असा आग्रह त्याने धरावा. दुबळ्याला खोट्या आरोपापासून वाचविणारे अन्य साधन आज तरी जगाजवळ नाही.