कॅमेरा निवडण्याआधी साठवण निवडा

१६ जानेवारी २०२५च्या पहाटे वांद्र्यात अभिनेता सैफ अली खान यांच्या घरात शिरून एकाने त्यांच्यावर चाकूने वार केले. २ वाजून ३३ मिनिटांनी इमारतीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याने खाली उतरणारा एक चेहरा टिपला. त्याच दिवशी तो घरोघरच्या टीव्हीवर दिसला आणि १९ तारखेला पोलिसांनी ठाण्यातून संशयिताला पकडलं. चित्रातला माणूस तोच का, याचा निवाडा न्यायालय करील. आपण मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॅमेरा असून हल्ला टळला नाही; कामी आलं ते साठवून ठेवलेलं चित्रण.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुठला कॅमेरा चांगला?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तरं येतात ती मेगापिक्सेलची आणि ऑफरची. माझी विनंती अशी की पहिला प्रश्न बदला. चित्रण कुठे साठणार, किती दिवस राहणार आणि ते कोण कोण पाहू शकणार, हे आधी विचारा.

साठवणीच्या जागा तीन. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड, घरातला किंवा वॉचमनच्या केबिनमधला डीव्हीआर, आणि कंपनीच्या सर्व्हरवरचं क्लाऊड. कॅमेरा उपटून नेला की कार्ड त्याच्याबरोबर जातं. सराईत चोर डीव्हीआरही उचलतात. क्लाऊडवर गेलेली क्लिप मात्र चोराच्या हाती लागत नाही, म्हणून फ्लॅटच्या दारावरच्या कॅमेऱ्यासाठी क्लाऊडला पैसे मोजणं योग्य आहे. पण नेमके कशाचे पैसे मोजतोय, हे समजून घ्या.

थोडा हिशेब मांडू. १०८०पी दर्जाचं चित्रण सेकंदाला साधारण २ मेगाबिट या वेगाने साठवलं, तर दिवसाला २१ जीबीच्या आसपास जागा लागते. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. चित्रण दाबून साठवणाऱ्या एच.२६५ या पद्धतीने जागा जवळपास निम्मी वाचते, तरी महिन्याचा आकडा ३०० जीबीच्या पुढेच जातो. एवढं सगळं स्वस्तात ठेवणं कंपनीला परवडत नाही. त्यामुळे बहुतेक स्वस्त प्लॅन सलग चित्रण ठेवतच नाहीत. हालचाल झाली की तेवढीच छोटी क्लिप, आणि तीही ठरावीक दिवसांपुरती. दोन क्लिपांच्या मधे काही घडलं तर ते हातचं गेलं.

म्हणून दुकानात हे विचाराच: सलग की फक्त हालचालीचं? सात दिवस की तीस? फुकटचा पहिला महिना संपला की काय? प्लॅन बंद केला तर थेट दृश्य आणि कार्डावरचं रेकॉर्डिंग चालू राहतं का? कॅमेऱ्याच्या किमतीत तीन वर्षांचं भाडं मिळवा आणि मगच ‘स्वस्त’ म्हणा. माझं मत सांगायचं तर दारावरच्या एका कॅमेऱ्याला दोन्ही हवं. सलग चित्रणासाठी कार्ड, आणि ते गेलंच तर मागे काही उरावं म्हणून क्लाऊड.

क्लाऊड नेटवर चालतं आणि नेट विजेवर. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा उपनगरांतल्या अनेक घरांत ती यायला दिवस मावळला. तितकं दूर जायलाही नको. मीटररूममध्ये जाऊन कोणी तुमचा मेन स्विच पाडला तरी पुरे. बिल अदानीचं असो की मुलुंडमध्ये महावितरणचं, राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावा. तसंच भिंतीला ड्रिल मारण्याआधी दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही बंद करून मोबाइल घेऊन बाहेर उभे राहा आणि वायफाय पोचतं का ते बघा. नेटच्या प्लॅनमध्ये डाउनलोडचा वेग मोठ्या अक्षरात छापतात. कॅमेऱ्याला लागतो अपलोडचा. तो विचारून घ्या.

आता दुसरी बाजू. चोराला न सापडणारं चित्रण दुसऱ्या कोणाला सापडू शकतं. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ होता, असं पुढे बातम्यांत आलं. कंपन्यांकडूनही चुका होतात. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या वाइझ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्याच घरांतली चित्रं दिसली.

यावरचे उपाय साधे आहेत. बसवायला आलेला माणूस घाईत स्वतःच्याच नंबरवर खातं उघडून देतो. ते करू देऊ नका. खातं तुमच्या नंबरवर आणि पासवर्ड तुम्ही टाकलेला हवा. लॉगिनला ओटीपीची सोय असेल तर ती चालू करा. घरच्यांना पासवर्ड वाटू नका, अ‍ॅपमधून पाहण्यापुरती परवानगी द्या. बिननावाचा बल्ब-कॅमेरा टाळा. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५पासून केंद्र सरकारने सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. खोक्यावरचा बीआयएस नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहायला मिनिटही लागत नाही.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे वळवायचं, हाही विचार करा. आपला पॅसेज अरुंद, समोरच्यांचं दार चार हातांवर. ते उघडलं की त्यांचा हॉल तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसता कामा नये. कोन खाली करा किंवा ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग झाका. पॅसेज सोसायटीचा आहे, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना फोनवर दृश्य दाखवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

घराच्या आत शक्यतो कॅमेरा नको. मुलं पुण्याला किंवा परदेशी आणि आईबाबा मुलुंडला एकटे, अशा घरांत हॉलमध्ये कॅमेरा बसतो. त्यामागची काळजी खरी आहे. पण आईबाबांना विचारलं होतं का? घर ज्यांचं आहे, त्यांनीच आपल्या हॉलमध्ये अवघडून बसायचं, हे बरं नव्हे. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५मध्ये सांगितलं की बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. आत कॅमेरा लावायचाच असेल तर आईबाबांच्या होकाराने लावा, घरी कामाला येणाऱ्या ताईंना सांगून लावा, बेडरूममध्ये मुळीच लावू नका आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा.

उद्या काही घडलंच तर ११२वर फोन करा आणि लगेच क्लिप उतरवून घ्या. मुदत संपली की क्लाऊड ती पुसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिडिओवर विसंबू नका, तिथे चित्राचा दर्जा घटतो. मूळ फाइल आणि कार्ड जपून ठेवा. कोर्टात नुसता व्हिडिओ पुरत नाही, प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३साठी त्याचा नमुनाच दिला आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हेही पाहून ठेवा. वेळ चुकीची असली की फाटे फुटतात.

ज्यांच्या दारावर कॅमेरा आधीच आहे, त्यांनी आज रात्री एक परीक्षा घ्यावी. अ‍ॅप उघडा आणि मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला दारासमोरून कोण गेलं ते शोधा. सापडलं आणि चेहरा ओळखू आला, तर तुमचा पैसा कामी लागला. नाही सापडलं, तर नव्या कॅमेऱ्याच्या मागे लागण्याआधी कार्ड, प्लॅन आणि पासवर्ड तपासा.