ध्वनिफितीची गती आणि पाठाची शुद्धता

हस्तलिखितापुढे बसलेला साहित्याचा अभ्यासक फार सावध असतो. लेखनिकाने काय गाळले, काय पदरचे घातले, याची तो कसून चौकशी करतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे वेचली, ती याच सावधपणापोटी. तोच अभ्यासक जुनी कॅसेट ऐकू लागला की यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. टेपरेकॉर्डरची गती तपासणे हाही पाठचिकित्सेचाच भाग आहे आणि तो मेकॅनिकवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही, असे आमचे मत आहे.

कामोठ्यासारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न निकडीचा होतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल परिसरातील अनेक गावांप्रमाणे कामोठेही नवी मुंबईत सामावले गेले. आज मानसरोवर स्थानकाबाहेर पडणाऱ्याला इमारतींच्या गर्दीत मूळ गावठाण शोधावे लागते. या पट्ट्यातील आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवलारीण धवले गाते. तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ आपण पहिल्या मराठी कवयित्रीची रचना म्हणून वर्गात शिकवतो. त्या नावाचे नाते सांगणारे हे जिवंत गाणे. लग्नघरांतून टू-इन-वनवर ते कोणी टिपून ठेवले असेल, तर गाणारी हयात नसताना ती कॅसेट हाच एकमेव साक्षीदार उरतो. साक्षीदाराची उलटतपासणी व्हायलाच हवी.

फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटची प्रमाणित गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे. पोलादी कांडी आणि तिला टेकलेले रबरी चाक यांच्यामधून फीत या गतीने सरकावी, अशी योजना असते. गती सहा टक्क्यांनी वाढली तर पांढरी पाचमध्ये गाणारी बाई काळी चारमध्ये ऐकू येते आणि ३० मिनिटांची बाजू सव्वाअठ्ठावीस मिनिटांत संपते. सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात बदलत असल्याने गाणे बिघडल्यासारखे वाटत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

म्हणून प्रथम दोष यंत्राचा की फितीचा, हे ठरवावे. ज्या गाण्याची सीडी उपलब्ध आहे त्याची बाजारातील कॅसेट लावून घड्याळ धरावे. पाच मिनिटांच्या गाण्यात नऊ सेकंदांचा फरक म्हणजे तीन टक्क्यांची चूक. एकाच कॅसेटवर निकाल न देता दोन-तीन लावून पाहाव्यात. सगळ्याच सारख्या रेंगाळत असतील तर यंत्र दोषी. अशा वेळी कांडी आणि रबरी चाक यांवरचा मळ काढावा, सैल पडलेला वा चिकट झालेला रबरी पट्टा बदलावा, सुकलेल्या वंगणाकडे पाहावे. अनेक यंत्रांत मोटरच्या पाठीमागच्या भोकातून फिरवायचा गतीचा स्क्रू असतो. त्याला हात सर्वांत शेवटी लावावा. पट्टा घसरत असताना स्क्रू पिळणे म्हणजे चुकीच्या पाठावर चुकीचीच दुरुस्ती करणे होय.

यंत्र निर्दोष ठरले तरी प्रश्न संपत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सेल उतरत आले असतील, तर तेव्हा फीत संथ सरकलेली असते आणि आज योग्य गतीच्या यंत्रावर आवाज चढा व घाईचा ऐकू येतो. बाजूच्या अखेरीस गाणे हळूहळू चढत, जलद होत गेले, तर समीक्षक तेथे ‘विधीच्या उत्कर्षबिंदूशी सुसंगत द्रुतगती’ असे लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात तो उत्कर्ष सेलच्या थकव्याचा असू शकतो. घरच्या विजेवर मुद्रण झाले असेल तर पार्श्वभूमीला ५० हर्ट्झची घरघर बहुधा सापडते. ती संगणकावर ५२ हर्ट्झला दिसली तर गती सुमारे चार टक्के जास्त असल्याची शंका घ्यावी. मात्र त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारिताच बरीच खालीवर होई, म्हणून हा पुरावा एकट्याने निर्णायक मानू नये.

‘शब्द तर तेच राहतात, मग एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येईल. केवळ शब्द टिपायचे असतील तर तो रास्त आहे. परंतु मौखिक रचनेचा छंद, यती, श्वासाची जागा यांवर आपण प्रबंधांत पानेच्या पाने लिहितो, आणि ते सारे कालावर उभे असते. ज्या कालाचे माप तपासलेले नाही, त्यावरचे विवेचन कितपत ग्राह्य धरावे?

आमची सूचना साधी आहे. मूळ ध्वनीची जशीच्या तशी एक प्रत राखावी. गती सुधारलेली प्रत वेगळी करावी. आणि कोणत्या यंत्रावर, कोणत्या पुराव्याने, किती टक्के सुधारणा केली, हे प्रबंधात पाठभेदाइतक्याच काटेकोरपणे नोंदवावे. धवले जाणणारी एखादी वृद्धा गावात असेल तर तिला दोन्ही प्रती ऐकवाव्यात. तिचा कान हाही एक पुरावा आहे, आणि तो फार काळ आपल्यासाठी थांबणार नाही.