वारा फिरला, थंडी आली!

मुलांनो, आपलं म्हसवड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पश्चिमेचे ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, म्हणून शाळवाच्या ओलीसाठी भिस्त परतीच्या पावसावर.

तो सरला हे ओळखायचं कसं? सकाळी चिमूटभर माती उडवा. पश्चिमेकडे गेली, म्हणजे वारा पूर्वेचा. त्यात रात्री चांदण्या लखलखल्या, की पहाट गार! ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ती निघाली की ऊब उडते. गार हवा जड, म्हणून उतारावरून माणगंगेच्या पात्रात उतरते.

पण याच वाऱ्यासोबत बंगालच्या उपसागराकडून कधी ढगही येतात. १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलेल्या वेधशाळेचा अंदाज आणि तुमचा, आठ दिवस वहीत शेजारी शेजारी लिहा. ढग दिसले, तर आधी आजोबांना सांगा. कापलेली बाजरी झाकायची असते ना!